चित्रकाराला माती का ओढून घेते?

यवतमाळ जिल्ह्याच्या मोठ्या भागात पसरलेली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात वखराच्या पाशीला, बैलाच्या खुराला आणि माणसाच्या चपलेला इतकी घट्ट चिकटते की, मडकी घडवण्यासाठी याहून योग्य माती मिळणार नाही असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात मात्र शेतातली ही माती जशीच्या तशी चाकावर घेऊन घडवलेले भांडे सुकता सुकताच तडकते, आणि म्हणून कुंभार तिच्याऐवजी तलावाच्या किंवा नदीकाठच्या गाळाकडे वळतो, शिवाय त्यातही वाळू, राख किंवा लीद मिसळतो. या कोड्याला जोडूनच दुसरे कोडे येते. करडे, काळपट कच्चे मडके आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जाते आणि तांबडे होऊन बाहेर पडते, जरी त्यावर कोणीही तांबडा रंग लावलेला नसतो. ज्या घरात हा हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे तिथे या गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतात. रंग पाहून, निवडून, मिसळून लावण्यात ज्याचे शिक्षण झाले आहे अशा चित्रकाराला मात्र त्या अस्वस्थ करतात, आणि अनेकदा याच अस्वस्थतेतून त्याला मातीची ओढ लागते. ही ओढ समजून घ्यायची तर आधी मातीत, पाण्यात आणि विस्तवात काय घडते ते पाहावे लागते.

सेवाग्रामचा चित्रकार

यवतमाळ आणि वर्धा या दोन जिल्ह्यांची सीमा वर्धा नदीने आखली आहे, आणि या नदीच्या पलीकडे, तशाच काळ्या मातीच्या प्रदेशात, या विषयाचे एक उत्तम उदाहरण घडले. देवी प्रसाद यांचा जन्म 1921 साली डेहराडून येथे झाला. 1938 साली ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली चित्रकला शिकले. शिक्षण संपल्यावर 1944 साली ते सेवाग्रामला आले आणि हिंदुस्तानी तालीमी संघाच्या शाळेत कलाशिक्षक झाले. 1937 साली वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची ‘नई तालीम’ ही कल्पना पुढे आली होती. हाताने करावयाच्या उत्पादक कामातून सर्व शिक्षण द्यावे, असा तिचा आशय होता. आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य सेवाग्राममध्ये ती प्रत्यक्षात उतरवत होते.

अशा शाळेत चित्रकाराला केवळ कागद आणि कुंचला घेऊन बसणे शक्य नव्हते. मुलांच्या चित्रांबरोबरच देवी प्रसाद यांनी कुंभारकामाचा ध्यास घेतला, आणि हा ध्यास 1962 साली सेवाग्राम सोडल्यावरही सुटला नाही. त्यानंतर लंडनमध्ये त्यांनी ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या युद्धविरोधी संघटनेच्या सरचिटणीसपदाची जबाबदारी दहा वर्षे सांभाळली, 1980च्या दशकात ते दिल्लीस परतले, आणि 2011 साली निधन होईपर्यंत त्यांची ओळख चित्रकारापेक्षा कुंभार म्हणूनच अधिक राहिली. कला-इतिहासकार नमन आहुजा यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथाच्या शीर्षकात त्यांना कलावंत आणि कारागीर या दोन्ही नावांनी एकत्रितपणे संबोधले आहे, आणि ते सर्वथा योग्य आहे.

चित्राच्या रंगातही मातीच

चित्रकार मातीकडे वळतो तेव्हा तो पूर्णपणे परक्या पदार्थाकडे जातो असे समजणे बरोबर नाही. नंदलाल बोस यांनी 1936 सालच्या फैजपूर काँग्रेसची सजावट केली आणि 1938 सालच्या हरिपुरा काँग्रेससाठी चित्रफलक रंगवले. या फलकांत त्यांनी हातकागदावर गेरू आणि पिवळी माती यांसारख्या भूरंगांचा सढळ वापर केला. गेरू म्हणजे लोहाच्या तांबड्या ऑक्साइडने रंगलेली माती, आणि पिवळी माती म्हणजे ज्यातील लोहाच्या संयुगात पाणी बांधले गेले आहे अशी माती. पिवळी माती तापवली की हे पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. रंगाच्या वाटीत घोटली जाणारी ही द्रव्ये आणि कुंभाराच्या चाकावरची माती यांच्यातील नाते असे फार जवळचे आहे.

मग फरक कुठे पडतो? चित्रकार रंगाकडून स्थैर्याची अपेक्षा करतो. कागदावर लावलेला गेरू उद्या आणि शंभर वर्षांनीही गेरूच राहावा, हे त्याचे यश मानले जाते. कुंभार त्याच द्रव्याला विस्तवात घालतो आणि ते बदलावे अशी अपेक्षा धरतो. चित्रात डोळ्यांसमोर दिसते तेच अखेरचे रूप असते. मातीकामात हाताखाली दिसणारा रंग, चमक आणि मापसुद्धा अखेरचे नसते. वर्षानुवर्षे डोळ्यावर विसंबून काम केलेल्या माणसाला इथे डोळ्याऐवजी पदार्थाच्या ज्ञानावर विसंबावे लागते, आणि या आव्हानातच मातीचे खरे आकर्षण आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

माती आकार का धरते

वाळूचा ओला ढीग दाबला तर तो थोडा वेळ उभा राहतो आणि मग ढासळतो, पण चिकणमातीला बोटाने दिलेला खळगा तसाच राहतो. याचे कारण कणांच्या आकारात आणि आकारमानात आहे. चिकणमातीचे कण एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतात, आणि वाळूच्या दाण्यांप्रमाणे ओबडधोबड नसून चपट्या पत्र्यांसारखे असतात. दोन काचा ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहज सरकतात, पण सरळ ओढून वेगळ्या करू गेल्यास सुटत नाहीत. चिकणमातीच्या कणांमध्येही पाण्याचा असाच पातळ थर असतो, त्यामुळे दाब दिला की कण एकमेकांवरून घसरतात आणि दाब काढून घेतला की आहेत त्या जागी धरून राहतात. या गुणाला आकार्यता म्हणतात.

पाणी कमी असेल तर कण सरकत नाहीत आणि माती फुटते. जास्त असेल तर कणांमधले अंतर वाढून माती ओघळते. म्हणून माती भिजत ठेवणे, पायाने तुडवणे आणि हाताने मळणे ही कामे वरवर कष्टाची वाटली तरी त्यांतूनच पाणी प्रत्येक कणापर्यंत सारखे पोहोचते आणि आत अडकलेली हवा निघून जाते. चाकावर माती फिरत असताना बोटांच्या दाबाने हे चपटे कण भिंतीच्या पातळीत आडवे बसत जातात, आणि म्हणून चाकावर ओढलेली भिंत तुलनेने पातळ असूनही उभी राहते. पुढे विदर्भातला कुंभार अर्धवट सुकलेल्या मडक्याला आतून दगडी गोट्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापीने ठोकतो, तेव्हा भिंत आणखी पातळ व घट्ट होते आणि मडक्याचे पोट फुगून गोल होते. माठाचा सुबक गोलवा चाकावर कमी आणि थापीखाली अधिक घडतो, ही गोष्ट नवशिक्याच्या सहसा लक्षात येत नाही.

काळ्या मातीचा स्वभाव

आता पहिल्या कोड्याचे उत्तर देता येते. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर आहे आणि काळी माती याच खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण पुष्कळदा निम्म्याच्या आसपास असते, परंतु ही चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट या खनिजगटातील असते. त्याच्या कणांचे थर एकमेकांना सैलपणे धरलेले असल्यामुळे पाणी कणांच्या भोवतीच थांबत नाही, तर थेट थरांच्या आत शिरते. म्हणूनच पावसाळ्यात ही जमीन फुगते आणि उन्हाळ्यात ते पाणी गेल्यावर तिला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. शेतात जे घडते तेच मडक्याच्या भिंतीतही घडते, आणि एवढे आकुंचन कोणत्याही भांड्याला सोसत नाही.

चिनीमातीच्या भांड्यांत वापरल्या जाणाऱ्या केओलिन या खनिजाचे थर मात्र घट्ट जोडलेले असतात. त्यांच्या आत पाणी शिरत नाही, म्हणून ही माती कमी चिकट असली तरी कमी आकसते. गाळाची माती वाहत आलेली असल्यामुळे तिच्यात बारीक रेती आणि निरनिराळ्या खनिजांचे कण आधीच मिसळलेले असतात. त्यात कुंभार जी वाळू किंवा राख घालतो ती आकसत नाही, त्यामुळे एकूण आकुंचन आटोक्यात येते. लिदीतले बारीक तंतू कच्च्या भांड्याला धरून ठेवतात आणि भट्टीत जळून सूक्ष्म छिद्रे मागे ठेवतात. याच छिद्रांतून पाझरलेले पाणी बाष्प होऊन उडताना माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माती निवडण्याचे आणि मिसळण्याचे हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी कुंभारांच्या हातात होते, आणि त्याला केवळ परंपरा म्हणून बाजूला सारणे हा त्या ज्ञानावर अन्याय आहे.

काळ्या मातीत आणखी एक धोका लपलेला असतो. तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे असतात आणि असा एखादा खडा भांड्याच्या भिंतीत राहून गेला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. भांडे शाबूत बाहेर येते, त्याचे कौतुकही होते; पण पुढील काही दिवसांत हा चुना हवेतील ओल शोषून फुगतो आणि भिंतीचा टवका उडवतो. त्या खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला, तर दोष चुन्याचा आहे हे ओळखावे. यासाठी माती पातळ कालवून बारीक चाळणीतून किंवा कापडातून गाळून घेणे हाच भरवशाचा उपाय आहे.

सुकणे आणि भाजणे

भांडे सुकताना आधी कणांमधले पाणी जाते, कण जवळ येतात आणि भांडे लहान होते. कण एकमेकांना टेकले की आकुंचन जवळजवळ थांबते. त्यानंतर जे पाणी जाते त्याच्या जागी हवा येते. भेगा पडण्याचा खरा धोका पहिल्या टप्प्यात असतो, आणि तोही एक भाग लवकर आणि दुसरा उशिरा सुकल्यामुळे. विदर्भातल्या उन्हाळ्याच्या झळांत ओले भांडे उघड्यावर ठेवले तर काठ आधी आकसतो, बूड ओले राहते आणि भांडे काठापासून चिरते. म्हणून भांडी सावलीत, ओल्या फडक्याखाली सावकाश सुकवली जातात. चित्रकाराला वाळणारा रंग ही केवळ थांबण्याची बाब वाटते, मातीत मात्र सुकणे हेच एक काम असते.

पूर्ण सुकलेले भांडेसुद्धा पाण्यात टाकले तर पुन्हा चिखल होते, कारण तोवर केवळ मोकळे पाणी गेलेले असते. खनिजाच्या रचनेतच बांधलेले पाणी निघून जाण्यासाठी विस्तव लागतो, आणि तेथून पुढे परतीचा मार्ग नसतो.

┌─────────────────────────
चौकट: भट्टीतील टप्पे (तापमान अंश सेल्सियसमध्ये, अंदाजे)

100 च्या आसपास: उरलेली ओल वाफ होऊन जाते. ताप घाईने वाढवला तर वाफ कोंडून भांडे फुटते.

450 ते 600: खनिजात बांधलेले पाणी निघते, शुद्ध केओलिनच्या वजनाचा सुमारे 14 टक्के भाग हे पाणीच असते. यानंतर मातीचा पुन्हा चिखल होत नाही.

573: मातीतील गारेच्या (सिलिकाच्या) कणांचे स्फटिक एकाएकी किंचित प्रसरण पावतात, थंड होताना याच तापमानाला ते आकसतात, म्हणून भट्टी घाईने उघडू नये.

700 ते 900: माठ, पणत्या, कवेलू अशी सच्छिद्र भांडी व वस्तू पक्क्या होतात. गावातला उघडा आवा याच पल्ल्यात असतो.

1200 ते 1300: योग्य माती असेल तर कणांमधला काही भाग वितळून काचेसारखा होतो, छिद्रे बुजतात आणि दगडी भांडी तयार होतात. लोह व चुना भरपूर असलेली साधी माती या तापाला कोलमडते किंवा वितळते.
─────────────────────────┘

न लावलेला रंग

बेसाल्टपासून झालेल्या मातीत लोह विपुल असते. शेतात तिचा काळेपणा मुख्यतः खनिजकणांना घट्ट बांधल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यामुळे दिसतो. आव्यात हवा मोकळी खेळत असेल तर हे सेंद्रिय द्रव्य जळून जाते, लोहाचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि गेरूत असते तेच तांबडे ऑक्साइड तयार होते. याच भांड्यांवर भट्टी पेटलेली असतानाच भुसा, शेण किंवा ओला पाला टाकून वरून राखेने झाकण घातले तर हवा तुटते, धूर कोंडतो, लोहातील ऑक्सिजन काढून घेतला जातो, कोळशाचे सूक्ष्म कण छिद्रांत शिरतात आणि भांडे काळे होते. माती तीच, हात तोच, फरक फक्त हवेचा.

विदर्भात हे तंत्र नवे नाही. नागपूर जिल्ह्यातील माहुरझरी व नायकुंड येथे लोहयुगातील महापाषाणीय संस्कृतीच्या उत्खननात ‘काळी-तांबडी’ भांडी मिळाली आहेत. त्यांचा काठ व आतला भाग काळा आणि बाहेरचा खालचा भाग तांबडा असतो. भांडे उपडे ठेवून भाजल्यास आतल्या बाजूला हवा पोहोचत नाही आणि बाहेर ती खेळती राहते, असे याचे एक प्रचलित स्पष्टीकरण आहे. दोन रंगांची सीमा इथे कुंचल्याने आखलेली नाही. ती हवेच्या वाटेने आखली गेली आहे. चित्रकाराच्या दृष्टीने यापेक्षा मोठा धक्का कोणता असू शकेल?

हा धक्का ज्यांच्या आयुष्याला वळण देऊन गेला त्यांत इंग्रज चित्रकार बर्नार्ड लीच यांचे नाव प्रसिद्ध आहे. चित्रकला व अम्लरेखनाचे शिक्षण घेतलेले लीच 1909 साली जपानला गेले आणि 1911 साली टोकियोतील एका मित्रमेळाव्यात त्यांना कच्च्या भांड्यावर नक्षी काढायला दिली गेली. ही भांडी ‘राकू’ पद्धतीने भाजली जात होती; या पद्धतीत झिलई लावलेले भांडे तापलेल्या भट्टीत घालतात आणि थोड्याच वेळात लालभडक अवस्थेत चिमट्याने बाहेर काढतात, त्यामुळे रंगाचा बदल त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर ते कुंभारकाम शिकले, 1920 साली इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्ज येथे त्यांनी कर्मशाळा उभारली, आणि भारतातील आधुनिक कुंभारकलेचे आद्य पुरस्कर्ते सरदार गुरचरण सिंग यांचाही जपानमध्ये त्यांच्याशी परिचय झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधील व्हालोरिस गावी मातीकामात रमलेले पिकासो हे याच मालिकेतील आणखी मोठे नाव, परंतु त्यांचा भर भांड्यांच्या पृष्ठभागावर आणि आकारांच्या खेळावर अधिक होता. पदार्थाच्या मुळाशी जाण्याची वृत्ती लीच आणि देवी प्रसाद यांच्यात जास्त दिसते.

झिलई: भट्टीत वितळलेली काच

झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेला काचेचा थर. काचेचे मूळ द्रव्य गार म्हणजे सिलिका हे आहे, परंतु ते एकटे वितळवायला सुमारे 1700 अंश तापमान लागते आणि तिथवर कोणतेही साधे भांडे टिकत नाही. म्हणून त्यात चुना, पोटॅश, सोडा यांसारखी वितळण्याचे तापमान खाली आणणारी द्रव्ये मिसळतात. आणि वितळलेली काच भांड्यावरून ओघळू नये म्हणून थोडी चिकणमातीही घालतात, कारण तिच्यातील अॅल्युमिना काचेला दाटपणा देतो. लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश दोन्ही असल्यामुळे राख आणि माती एवढ्यावरसुद्धा उच्च तापमानाची झिलई होऊ शकते. प्रत्येक वनस्पतीची राख निराळी असते: भाताच्या तुसाची राख बहुतांश सिलिकाची, लाकडाची चुन्याची. यवतमाळच्या खेड्यांत चुलीत जळणाऱ्या कपाशीच्या पऱ्हाट्यांची राख कोणती झिलई देईल हे करून पाहण्याजोगे आहे.

या काचेत लोहाचे प्रमाण एक-दोन टक्के असेल आणि भट्टीत हवा कमी असेल तर करडा-हिरवा रंग येतो. प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास गेले तर तपकिरी-काळा येतो. तांबे मोकळ्या हवेत हिरवे, हवा तोडल्यास लाल होते. कोबाल्ट मात्र दोन्ही परिस्थितींत निळेच राहते. कच्च्या भांड्यावर हे सर्व राखाडी, गुलाबी किंवा काळ्या भुकटीच्या रूपात लावावे लागते, म्हणजे चित्रकाराला डोळ्यांसमोर एक रंग ठेवून मनात दुसराच पाहावा लागतो. शिवाय कच्चे किंवा एकदा भाजलेले भांडे कुंचल्यातले पाणी तत्काळ शोषून घेते, रेघ पुसता येत नाही आणि हात थबकला तर तिथे रंगाचा गोळा होतो. शांतिनिकेतनसारख्या ठिकाणी ओल्या गिलाव्यावरचे भित्तिचित्र पाहिलेल्या आणि एका दमात रेघ ओढण्याची शिस्त अंगी बाणवलेल्या चित्रकाराला या टप्प्यावर आपले आधीचे शिक्षण वाया गेलेले नाही हे जाणवते.

मुलांच्या हातातली माती

सेवाग्रामच्या अनुभवातून देवी प्रसाद यांनी कलाशिक्षणावर लेखन केले. ‘आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे त्यांचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने 1998 साली प्रकाशित केले. कला हा शिक्षणाचा पाया असावा ही त्यांची भूमिका मातीकामाला विशेष लागू पडते, कारण एका पणतीत मुलाला पाण्याचे बाष्पीभवन, आकुंचन, ज्वलन आणि ऑक्सिजनचा संयोग हे सारे हाताला कळते. पोळ्याला मातीचे बैल घडवणाऱ्या मुलाला पाय बारीक केले की आधी सुकून तुटतात हे आपोआप समजते. शाळेने त्याला फक्त कारण सांगायचे असते.

यवतमाळ जिल्ह्यात यासाठी साहित्याची वाण नाही. पश्चिमेकडे आणि मध्यभागी बेसाल्टची काळी माती आहे, तर पूर्वेकडे वणी परिसरात चुनखडक आणि कोळशाचे थर असलेले जुने गाळाचे खडक आहेत, आणि कोळशाच्या थरांच्या सोबतीने जास्त ताप सोसणारी आगमाती अनेक ठिकाणी आढळते. वणीहून वर्धा नदी ओलांडली की भद्रावती येते, जिथे ग्रामोदय संघाने ग्रामीण कुंभारकाम सुधारण्याचे काम केले आहे. जिल्ह्यातील कोणत्याही चित्रकला-शिक्षकाला दोन-चार तलावांचा गाळ आणून आरंभ करता येईल: मातीच्या पट्टीवर बरोबर 10 सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करायच्या, सुकल्यावर आणि भाजल्यावर अंतर मोजायचे, आणि कोरड्या मातीवर लिंबाचा रस टाकून ती फसफसते का, म्हणजे तिच्यात चुना आहे का, ते पाहायचे. सुकताना पट्टी सुमारे एक सेंटिमीटरहून अधिक आकसली तर त्या मातीत वाळू वाढवावी लागेल. कोणत्या तलावाच्या कोणत्या काठाचा गाळ घ्यावा, हे मात्र गावातल्या कुंभाराला आधी विचारावे, कारण ती चाचणी त्याच्या घरात केव्हाच होऊन गेलेली असते.